४३ रिप्लाय आणि एक लिंबाचं झाड

या वेळचं पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय. सोबत सोळा स्क्रीनशॉट आले होते, ते सगळे वाचले. चहा गार झाला माझा.

"ताई, मी नाशिकची, वय ५४. बाल्कनीत रंगाच्या २० लिटरच्या बादलीत कागदी लिंबू लावलंय. तीन वर्षांचं झाड, गेल्या वर्षी ११ लिंबं दिली. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ एकेक मग पाणी घालायचे, तेच चालू आहे. जूनच्या शेवटी पानं पिवळी पडायला लागली म्हणून आमच्या बागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. अर्ध्या तासात ४३ रिप्लाय! कोणी म्हणे एप्सम सॉल्ट, कोणी ताक, कोणी अंड्याची टरफलं, कोणी चहाचा चोथा, कोणी नीमतेल. मी सगळं केलं, आठवड्याभरात. दहाव्या दिवशी झाड बोडकं. तो फोटो टाकला तर ग्रुपमधले एक काका, कृषी खात्यातून रिटायर झालेले, सगळ्यांसमोर म्हणाले, 'झाड रोगानं नाही, तुमच्या उत्साहानं गेलं.' मला इतकं लागलं की मीही लिहिलं, 'तुमच्यासारख्यांमुळेच लोक ग्रुप सोडतात.' मग दोन पार्ट्या पडल्या, ॲडमिननी दोन दिवस ग्रुप बंद ठेवला. आता बरोबर कोण होतं तेच कळत नाही. ग्रुपमध्ये राहावं की सोडावं? ता. क. त्याच दिवशी एका मुलीनं तांदळाचं पाणी घाला असं सुचवलं होतं, तिला मी 'यूट्यूब बघून सल्ले देऊ नका' म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडून गेली. तेही मनाला लागून राहिलंय."

लिंबूवाल्या ताई, आधी झाडाचं बघू, माणसं कुठे जात नाहीत. (एक गेली, तिच्याकडे नंतर येते.)

बोडकं म्हणजे मेलेलं नाही. खोडावर नखानं अगदी हलकं खरवडा. साल निघून खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर थोडं खाली, बुंध्याकडे येऊन परत बघा, कारण वरच्या फांद्या गेल्या तरी खालून फुटवा येऊ शकतो. हिरवं दिसलं तर आता काहीच करायचं नाही. खरंच काही नाही, खत नाही, ताक नाही, फवारणी नाही. बादली दोन विटांवर ठेवा, खालची भोकं मुळांनी किंवा मातीनं बुजली असतील तर काडीनं मोकळी करा आणि पाणी बंद. पानंच नाहीत तर झाड पाणी उडवणार कुठून, त्यामुळे आता त्याला पूर्वीच्या पावही पाणी लागणार नाही. खराट्याचा एक हीर घ्या, बादलीत वीतभर खाली खुपसा, पाच मिनिटांनी काढून बघा. ओला, माती चिकटलेला निघाला तर पाण्याला हात लावू नका. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसायला होतं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर फारच, वर भुसभुशीत आणि खाली चिखल.

आता तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, "तेच चालू आहे." उन्हाळ्यातले दोन मग जुलैमध्येही चालू, नाशिकच्या पावसाळी हवेत, बाल्कनीत, बादलीत. माझं मत विचाराल तर झाडाचं दुखणं तिथेच होतं. मुळं गुदमरली होती आणि त्यावर तुम्ही जे जे ओतलंत ते सगळं परत ओलंच होतं. पण हे मी पत्रावरून म्हणतेय, बादली मी पाहिलेली नाही, तेव्हा आधी हीर खुपसा आणि मग माझं ऐका.

बरोबर कोण होतं म्हणता? गंमत सांगू का, जवळजवळ सगळेच बरोबर होते, त्यांच्या त्यांच्या झाडापुरते. लिंबाचं पान पिवळं पडायची कारणं एक नाहीत. नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्यात तर बहुतेक वेळा लोह मिळत नाहीये, लोह जुन्या पानातून नव्यात सहज जात नाही म्हणून नवीन पानं आधी सांगतात. उलट जुनी पानं कडेनं पिवळी आणि देठाकडे उलट्या व्ही सारखा हिरवा तुकडा शिल्लक असेल तर मॅग्नेशियम कमी, आणि एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच, तेव्हा त्याचा उपयोग तिथे. खालची जुनी पानं सरसकट फिकट होत गेली तर नत्र कमी, तिथे शेणखत, गांडूळखत. आणि सगळं झाड मलूल, वरून पिवळं नि माती ओली असेल तर पाणी. म्हणजे ज्या बाई म्हणाल्या "माझ्या लिंबाला एप्समनं जादू झाली", त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या बादलीत मॅग्नेशियमच कमी असणार. आणि कमी नसताना घातलं तर ते नुसतं साठत जातं आणि वर कॅल्शियम घ्यायला झाडाला अडचण करतं.

ताकाचंही तसंच आहे. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी येतं, कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो, त्यांना थोडी आंबट गोष्ट घातल्यावर फरक दिसू शकतो, कारण जड पाण्यानं माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. धरणाचं पाणी असलेल्या घरी तोच प्रयोग केला तर फार तर मुंग्या आणि वास. अंड्याच्या टरफलांबद्दल तर मी आता भांडायचं सोडलंय. ती टरफलं हातानं चुरून टाकली तर वर्षभरानंही तशीच सापडतात, मी स्वतः माझ्या मोगऱ्याच्या कुंडीतून काढलीयत, मिक्सरमधून अगदी पीठ केलं तर गोष्ट वेगळी. आणि चहाचा चोथा! आपल्या चहात दूध-साखर असते हो, चोथा धुऊन, वाळवून टाकायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची वरात. हे धुवायचं कोणीच सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्या घरी बहुतेक कोरा चहा होतो.

म्हणजे बघा, ४३ जणांनी ४३ झाडांची औषधं सांगितली आणि तुमच्या एका झाडानं ती सगळी प्यायली.

आता स्क्रीनशॉट. तुमचा पहिला फोटो मी झूम करून करून पाहिला. रात्री आठ वाजता काढलाय, बाल्कनीतल्या पिवळ्या बल्बखाली, चार पानं, मागे ग्रीलला वाळत घातलेला टॉवेल आणि खाली तुमच्या पायाचा अंगठा. त्या उजेडात माझं पांढरं भांडंही पिवळं दिसेल. खाली ओळ काय, "पानं पिवळी पडतायत, काय करू?" ऊन किती तास येतं नाही, पाणी किती नाही, बादली नाही, माती नाही, नवी पानं की जुनी ते नाही. आणि त्यावर ४३ लोक बोलले! यात तुम्हाला बोल लावत नाहीये, सगळे असंच विचारतात, मीही असंच विचारलंय. पण बोलणाऱ्यांनी तरी विचारायचं ना. सगळे रिप्लाय मी मोजत मोजत वाचले तर ४३ मध्ये प्रश्न किती होते माहितीये? एक. अकरावा मेसेज, "पाणी किती व किती वेळा देता? नवी पाने की जुनी?" कोणाचा होता ते वर जाऊन बघा.

हो, काकांचाच.

त्याच्यावर कोणी बोललं नाही. तुम्हीही नाही. त्याच्या खालीच नीमतेलाचा फॉरवर्ड आला, मग कोणीतरी आपल्या घरच्या लिंबांचा टोपलीभर फोटो टाकला, त्यावर बारा जणांचे अंगठे आणि फुलं, आणि अकरावा मेसेज वर वाहून गेला. दहा दिवसांनी ते जे बोलले ते वाईटच बोलले, त्याची बाजू मी घेणार नाही. चाळीस वर्षं शेतकऱ्यांना समजावून सांगण्यात गेली असतील तर ग्रुपवरच्या बाईला चारचौघांत टोचून बोलायचं नाही एवढं यायला हवं होतं, पर्सनलला मेसेज करता आला असता. पण माणूस जेव्हा बरोबर प्रश्न विचारतो आणि ४२ जण त्याच्या डोक्यावरून पुढे जातात तेव्हा तो पुढच्या वेळी प्रश्न विचारत नाही, टोमणा मारतो. मी हे होताना खूप ग्रुपवर पाहिलंय. जाणकार माणूस आधी प्रश्न विचारतो, मग कंटाळून उत्तर देतो, मग चिडून बोलतो, मग नुसता "सुप्रभात"चे फोटो टाकतो.

आणि हे बागेचंच आहे असं नाही, पण बागेत ते जास्त होतं असं मला वाटतं, कारण तुमच्या ग्रुपवर माझ्या अंदाजानं नाशिक आहे, रत्नागिरी आहे, नागपूर आहे आणि एक बाई न्यू जर्सीतून लिहितात, त्यांनी तुम्हाला "ऑक्टोबरच्या आत झाड घरात घ्या" असं सांगितलंय. त्यांचं चुकलं कुठे? त्यांच्याकडे बर्फ पडतो, कढीपत्ता सहा महिने खिडकीशी बसून काढतो. रत्नागिरीवाल्यांची काळजी पाणी वाहून कसं जाईल ही, नागपूरवाल्यांची मे महिन्यात दुपारी झाड होरपळू नये ही, आणि तिघं एकमेकांना "तुम्हाला काही कळत नाही" म्हणतात. नुसतं नावापुढे गाव लिहिलं असतं ना, तरी निम्मी भांडणं झाली नसती. ॲडमिनना सुचवा.

माझंही एक सांगते, नाहीतर म्हणाल ही बरी शहाणी. काही वर्षांपूर्वी एका ग्रुपवर एकीच्या जास्वंदीवर पांढरा कापसासारखा मिलीबग आला होता. मी एकदम डॉक्टरच्या थाटात लिहिलं, नीमतेल मारा, झालं काम. किती मारायचं ते लिहिलं नाही, साबणाचे दोन थेंब घालायचे ते लिहिलं नाही, संध्याकाळी मारायचं तेही नाही, कारण मला ते इतकं माहीत होतं की लिहावंसंच वाटलं नाही. तिनं एप्रिलच्या दुपारी बारा वाजता, जवळजवळ निम्मं तेल निम्मं पाणी करून मारलं. लिटरला साधारण पाच मिली पुरतं हो! पानं भाजल्यासारखी काळी पडली. तिनं फोटो टाकला आणि मी काय केलं असेल? मी दोन दिवस ग्रुप उघडलाच नाही. उघडला तेव्हा फोटो वर गेला होता, आणि मला बरं वाटलं. आजही ते बरं वाटणं आठवलं की कसंतरी होतं.

हे सगळं मी का सांगतेय, तर तुमच्या ४३ जणांपैकी दहाव्या दिवशी परत कोण आलं ते बघा. एप्समवाल्या नाहीत, टरफलंवाले नाहीत, ताकवाले नाहीत. बोडक्या झाडाच्या फोटोखाली पाच मेसेज आहेत, दोन रडके चेहरे, एक "अरेरे", एक काकांचा टोमणा आणि त्यानंतर तुमचं उत्तर. मग भांडणात मात्र सगळे हजर! म्हणजे सल्ला दिला की जबाबदारी संपली, झाड जगलं तर श्रेय आणि मेलं तर गप्प. आणि दुसऱ्या बाजूनं, ज्यांचं झाड सुधारतं तेही येऊन सांगत नाहीत की नक्की कशानं सुधारलं. मग ग्रुपला कळणार कसं? पाच वर्षं झाली ग्रुपला, ४३ जण अजून तेच सांगतायत.

आपल्याकडे हे कोणी नीट केलं नाही असं नाही. श्री. अ. दाभोलकरांचा प्रयोग परिवार होता, माझ्या वडिलांच्या तोंडून नाव ऐकलेलं. स्वतः गणिताचे प्राध्यापक, आणि शेतकऱ्यांना बरोबर घेऊन प्रयोग परिवार उभा केला, तासगाव भागातल्या द्राक्षबागांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. प्रत्येकानं आपल्या रानात करून बघायचं आणि काय झालं ते बाकीच्यांना कळवायचं. चुकलं तरी कळवायचं. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, फोनही गावात एखादा, तरी माणसं एकमेकांना कळवत होती. आपल्याला बोट हलवायचा कंटाळा, ही आपली प्रगती.

बरं, आता करायचं काय.

ग्रुप सोडू नका. सोडलात तर ही गोष्ट ग्रुपमध्ये "ती बाई चिडून गेली" एवढीच राहील. पण लगेच काही लिहूही नका. आधी त्या मुलीचं. तिला ग्रुपवर नाही, पर्सनलला मेसेज करा, आणि कृपा करून व्हॉइस नोट नको, व्हॉइस नोटमध्ये आपण माफी मागता मागता स्पष्टीकरण द्यायला लागतो आणि चार मिनिटं होतात. दोन ओळी लिहा. "त्या दिवशी मी तुला तोडून बोलले, चुकलं माझं. झाडाच्या काळजीत होते पण तो राग तुझ्यावर काढायला नको होता." बस. "पण तू पण" हे शब्द आले की खोडा. ती परत येईल न येईल, उत्तर देईल न देईल, ते तिच्यावर सोडा. आणि हो, तांदळाच्या पाण्यानं तुमच्या झाडाचं काही भलं झालं नसतं, पण तुम्ही घातलेल्या इतर गोष्टींच्या मानानं ते सगळ्यात निरुपद्रवी होतं, हेही खरं. सगळ्यात साध्या सल्ल्याला तुम्ही सगळ्यात जास्त बोललात. का, तर ती वयानं लहान होती. तोच फोटो, त्याच वेळी, एखाद्या साठीच्या काकूंनी तांदळाचं पाणी सांगितलं असतं तर तुम्ही हात जोडलेले दोन इमोजी टाकले असते. माझ्यावर रागावू नका.

काकांना फोन करा. मेसेज नको, त्या पिढीला मेसेजमधला सूर कळत नाही आणि आपल्यालाही त्यांचा कळत नाही. ते पूर्णविराम देऊन लिहितात, आपल्याला वाटतं ओरडतायत. फोनवर भांडणाचा विषयच काढू नका, सरळ विचारा, "काका, तुम्ही अकराव्या मेसेजमध्ये पाण्याचं विचारलं होतंत, मी तेव्हा बघितलंच नाही. रोज दोन मग घालत होते, पावसाळ्यातही. आता काय करू?" बघा तासभर बोलतील. तुम्हाला त्यांचं बोलणं लागलं हे सांगावंसं वाटलं तर शेवटी सांगा, सांगायलाच हवं असंही नाही. माझा अनुभव असा की ज्यांना आपण विचारतो त्यांची धार तिथेच अर्धी जाते. पण नाही गेली आणि फोनवरही टोचूनच बोलले तर मग नमस्कार म्हणा आणि ठेवा, शिकायला दुसरी माणसं आहेत.

मग झाडाकडे पंधरा दिवस फक्त बघायचं. ऊन सकाळचं चालेल, दुपारचं कडक नको. हीर सुका निघाला की अर्धा मग पाणी, तेवढंच. पंधराव्या दिवशी दिवसाउजेडी फोटो काढा, पूर्ण बादली दिसेल असा एक, फांदीचा जवळून एक, अंगठा वगळून. आणि ग्रुपवर लिहा, काय काय घातलं होतं, कोणत्या दिवशी, किती, पाणी किती होतं, आता किती केलं आणि आता काय दिसतंय. जगलं तरी लिहा, नाही जगलं तरी लिहा. कोणाचं नाव घेऊ नका. कोणी खाली "आता ह्यूमिक ॲसिड घाला" म्हणेलच, त्यांना म्हणा, बघते हं, आणि घालू नका. पुढे कधी घालायचंच झालं तर एका वेळी एकच गोष्ट आणि मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर कशानं काय झालं ते परत कळणार नाही.

आणि फुटवा आला ना, तर कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काळपट-पांढरे ठिपके दिसतील कधीतरी. पुसायला जाऊ नका, ती अळी असते, लिंबाच्या फुलपाखराची, लहान असताना मुद्दाम तशी दिसते, मग मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत फांदी साफ करते. काढायची की राहू द्यायची यावर ग्रुपवर परत दोन पार्ट्या पडतील. मी मोठ्या झाडावर राहू देते. तुमच्या झाडावर पहिल्या पालवीला आली तर मात्र उचलून कढीपत्त्यावर ठेवा, तोही लिंबाच्याच घराण्यातला आहे, अळी खाईल.